नसलेल्या नोंदीतला बदल

१

सकाळी उठल्यावर लोक देवाला हात जोडतात. मी मोबाइलवर ‘मागे’चा आकडा बघतो. तळबंदरच्या सर्व्हरवर लिहिलेली नोंद अलिबागच्या सर्व्हरवर उतरायला किती सेकंद लागतायत, तो हा आकडा. शून्य असला की मी निवांत चहा पितो. वाढलेला असला की निवेदिता, माझी बायको, कप पुढे ठेवून गुपचूप आत जाते, कारण त्यानंतर मी कुणावर डाफरेन ते सांगता येत नाही.

तळबंदर हे रेवसच्या अलीकडचं, खाडीच्या तोंडावरचं कोळ्यांचं बंदर. अडतीस बोटी. तिथल्या मच्छीमार संस्थेने तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून एक व्यवस्था करून घेतली. बोट समुद्रात निघाली की जेट्टीवरच्या ऑफिसात तिचं टोकन निघतं: बोटीचं नाव, तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, कोण, माणसं किती, परत कधी येणार. बोटीवर बसवलेली एक डबी दर अर्ध्या तासाने आपली जागा कळवते आणि त्या टोकनच्या नोंदीत ती जागा बदलत राहते. ही सगळी नोंदवही जशीच्या तशी अलिबागच्या सर्व्हरवर उतरते, कारण नकाशाचा पडदा तिथे आहे आणि त्यावर नजर ठेवणारी माणसंही तिथेच बसतात. परतीची वेळ उलटली की त्या बोटीची ओळ लाल होते आणि शोध सुरू होतो. म्हणजे जेट्टीवर कितीही नीट लिहिलं, तरी अलिबागला उतरलं नाही तर ती बोट कुणी शोधणार नाही. एवढं ध्यानात ठेवा, बाकीचं मशीनचं मी बघतो.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, सकाळी पावणेबाराला, नक्कल उतरायची थांबली. मी चौलला घरीच होतो. लॅपटॉप उघडला तर त्रुटी १०३२. ही माझ्या रोजच्या ओळखीची. तळबंदरहून हुकूम आलाय की अमुक नोंद बदल, आणि अलिबागकडे ती नोंदच नाही, एवढाच तिचा अर्थ. कुठली नोंद ते बघायला मी हुकूम उघडला.

टोकन २२१७. बोट ‘नवलाई’. तांडेल चांगदेव. माणसं चार. जागा बदललेली, वेळ आजची, अकरा चव्वेचाळीस.

‘नवलाई’ गेल्या वर्षी सप्टेंबरात बुडाली होती. चौघांतलं कुणीच परत आलं नाही.

२

आता खरं सांगतो. खोटं बोलण्यात काही राहिलेलं नाही.

तळबंदरची लाइन भिकार आहे. ती तुटली की काही नोंदी दोनदा यायच्या, काही अर्धवट, आणि त्रुटी येऊन सगळं ठप्प व्हायचं. मग मी चौलहून मोटरसायकल हाणत जायचं, माशांच्या वासात बसून ती एक नोंद सरळ करायची आणि परत यायचं. गेल्या वर्षी पावसाळी बंदी उठून बोटी सुटल्या, त्या आठवड्यात असं सहा वेळा झालं. सातव्या वेळी माझं डोकं फिरलं. मी अलिबागच्या सर्व्हरला सेटिंग टाकलं: त्रुटी आली तर थांबू नकोस, ती नोंद सोडून दे आणि पुढे चल. आमच्या धंद्यात हे सगळेच कधी ना कधी करतात आणि दुसऱ्या दिवशी काढून टाकतात. मी काढलं नाही. त्याच जोडीला मेमरी वाढवली, डिस्कवर लिहिण्याचं काम दर नोंदीऐवजी सेकंदाला एकदा केलं. आकडा शून्यावर आला आणि तिथेच राहिला. संस्थेने मला शाल आणि नारळ दिला.

जेट्टीवर टोकन काढायला तेव्हा नेत्रा बसायची. चांगदेव तांडेलाची मुलगी, बी.कॉम. झालेली, टेबलावरचं पेन तिरकं ठेवलं तरी सरळ करणारी. तिने मला दोनदा फोन केला की अलिबागवाल्यांना काही बोटी दिसतच नाहीत. मी बघतो म्हटलं आणि बघितलं नाही. तिसऱ्यांदा ती संस्थेच्या सभेत उभी राहिली आणि सत्तर माणसांसमोर म्हणाली, “साहेबांची मशीन खोटं बोलते.” सगळे हसले. मी पण हसलो, पण ते मला झोंबलं. इतकं झोंबलं की रात्री जेवण गेलं नाही, आणि ही पोरगी कधीतरी माझ्या तावडीत सापडेल असं मी मनात म्हणून ठेवलं.

ती सापडली. नऊ सप्टेंबरला पहाटे ‘नवलाई’ निघाली, नेत्राने स्वतःच्या बापाचं टोकन काढलं, आणि नेमकी तीच नोंद अलिबागच्या सर्व्हरने सोडून दिली. दुपारी वारा उठला. संध्याकाळी बोट आली नाही म्हणून नेत्राने अलिबागला फोन केला. पडदा हिरवा होता. त्यांनी सांगितलं की अशी बोट आज सुटलेलीच नाही, दुसऱ्या कुठल्या बंदराला लागली असेल. खरा शोध दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाला. सापडली ती एक फळी आणि डिझेलचा रिकामा कॅन.

मी मात्र बोट आली नाही हे ऐकून दहा तारखेला सकाळीच, सगळ्यांच्या आधी तळबंदरला पोचलो होतो. जेट्टीच्या सर्व्हरवरून २२१७ पुसला. अलिबागचं सेटिंग काढलं. टोकनचा कागद बोटीबरोबरच गेलेला, त्यामुळे पुरावा म्हणून काही उरलं नाही. चौकशीत मी दोन्ही नोंदवह्या समोर ठेवल्या आणि म्हणालो, बघा, दोन्हीकडे नाही. मुलीने टोकन काढलंच नाही, आणि संध्याकाळचा फोन आपली चूक झाकायला केला. नेत्रा रडली नाही. तिने सगळ्यांसमोर माझे पाय धरले आणि म्हणाली, “साहेब, एकदा खरं सांगा.” मी पाय मागे घेतले. तेव्हा मला बरं वाटलं होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

बापाला खाल्लंन हिनं, असं बंदरातल्या बायका तिच्या तोंडावर बोलू लागल्या. संस्थेने तिला काढलं. ती माणगावला मावशीकडे गेली. तिची आई नीराबाई एकटी मागे राहिली.

३

मंगळवारच्या त्या त्रुटीत मला सतावलं ते नाव नव्हतं. नावाचा धक्का पाच मिनिटांत ओसरला, कारण जुना कचरा मशीनमध्ये कुठेही अडकून राहू शकतो. सतावलं ते दुसरंच.

जेट्टीचा सर्व्हर स्वतःचा एक रोजनामा लिहितो: कुठल्या नोंदीत काय बदललं. अलिबागचा सर्व्हर तो रोजनामा वाचून नक्कल करतो. नोंदच नसेल तर तिच्यात बदल होत नाही, आणि बदल झाला नाही तर रोजनाम्यात ओळ पडत नाही. जेट्टीवर २२१७ नव्हता. मी तीन वेळा शोधून खात्री केली. तरी रोजनाम्यात त्याच्यातला बदल लिहिलेला होता, आधीची जागा आणि नंतरची जागा अशा दोन्ही रकान्यांसकट. पाडून टाकलेल्या घराच्या दारात पोस्टमनने कुणाची तरी सही घेऊन यावी, तसला हा प्रकार होता.

मी ती एक ओळ हाताने सोडायला लावली. आकडा शून्य झाला. बुधवारी त्याच वेळेला पुन्हा त्रुटी १०३२. पुन्हा २२१७. या वेळी जागा मी नकाशावर टाकून बघितली. मंगळवारी बंदरापासून एकेचाळीस मैल होती, आता छत्तीस.

दुपारी तळबंदरला गेलो. सर्व्हरची खोली म्हणजे बर्फाच्या कोठीशेजारची चिंचोळी जागा. भिंत कायम घामेजलेली, खाली लाकडी फळ्या, वर ठणठणणारा एसी. मी मेमरी तपासली, डिस्क तपासली, घड्याळ तपासलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. काही सापडलं नाही. मशीन ठणठणीत होतं, नवं घेतलं त्या दिवशी होतं तितकंच.

काम करताना भिंतीपलीकडून आवाज येत होता. बोटीच्या इंजिनाचा, टुक टुक टुक, अगदी लांबचा, बर्फाच्या कोठीच्या दिशेने. मी बाहेर आलो. संस्थेचे चेअरमन बाळाजी दाराशी खुर्ची टाकून जाळ्याचा दोर वळत बसले होते.

“कोठीत पंप चालू आहे का हो?” मी विचारलं.

“न्हाय. दोन महिनं बंद हाय.”

“मग हे इंजिन?”

बाळाजींनी दोर खाली ठेवला आणि खाडीकडे कान दिला. ओहोटी होती, सगळ्या बोटी चिखलात बसल्या होत्या.

“तुमाला पन येतंय का?” ते म्हणाले. “मंग बरोबर.”

काय बरोबर, ते मी विचारलं नाही. मला घरी जायची घाई झाली होती.

४

गुरुवारी एकोणतीस मैल. शुक्रवारी वीस. दर दिवशी पावणेबाराला नक्कल थांबायची आणि अलिबागहून फोन यायचा: साहेब, पडदा अडकलाय. रविवारी त्यांच्यातल्या एकाने विचारलं, “रोज कुठली नोंद अडकते ओ? आम्हाला दाखवा ना.”  त्याने ते टोकन बघितलं असतं तर वर्षापूर्वीची चौकशी पुन्हा उघडली असती, आणि या वेळी पाय धरायची पाळी माझ्यावर आली असती.

म्हणून मी तेच सेटिंग पुन्हा टाकलं. त्रुटी आली तर सोडून दे आणि पुढे चल.

बाहेर अडतीस बोटी होत्या. त्यातली कुठलीही एक उद्या ‘नवलाई’सारखी सुटून जाऊ शकते, हे मला माहीत होतं. माहीत असून मी एंटर दाबलं. ज्याने माझ्या जागी बसून कधी असं केलं नाही, त्याने मला खुशाल शिव्या द्याव्यात.

पडदा हिरवा झाला, फोन थांबले. पण रोजनामा मी वाचतच होतो. न वाचून राहवत नव्हतं. सोमवारी बोट खांदेरी बेटापाशी आली होती. आणि त्या ओळीत या वेळी जागेशिवाय आणखी एक रकाना बदलला होता. माणसं, आधी चार. माणसं, नंतर पाच.

मी स्वतःला समजावलं. कुणीतरी मुद्दाम करतंय. रोजनाम्यात खोटी ओळ घुसवणं अवघड आहे, अशक्य नाही. हे सगळं माहीत असलेलं, मशीनवर वर्षभर बसलेलं आणि माझ्यावर डूख धरलेलं माणूस एकच होतं. मला एकदम हायसं वाटलं, आणि रागही आला. जित्या माणसावरचा राग मला झेपतो.

५

माणगावला स्टँडसमोर एका झेरॉक्सच्या दुकानात नेत्रा ऑनलाइन फॉर्म भरून देते. मी गेलो तेव्हा ती कुणाच्या तरी दाखल्याच्या प्रती काढत होती. बारीक झाली होती. मला बघून तिने मशीन थांबवलं नाही.

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “कुठवर आली बोट, साहेब?”

“म्हणजे तूच करतेयस हे.”

“मी?” तिने प्रती टेबलावर आपटून सारख्या केल्या. “तुमचा पासवर्ड मला कुठून मिळणार? आईनं सांगितलं फोनवर. ती रोज दुपारी जेट्टीवर जाऊन बसते. तिला इंजिन ऐकू येतं. पहिल्यांदी लय लांब होतं म्हणे. आज बोलली, खांदेरीला आलंय.”

“म्हातारीला भास होतात.”

“व्हय. आणि तुम्हाला?”

 रस्त्यावरून गोव्याची एक बस हॉर्न वाजवत गेली. मी आवाज खाली आणला. “नेत्रा, काय पाहिजे तुला? सरळ बोल. तुला कामावर परत घ्यायला सांगतो मी संस्थेला.”

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. एखाद्याचा इतका स्वच्छ, निवांत द्वेष मी कधी बघितला नव्हता. त्यात आरडाओरडा नव्हता, की रडूही नव्हतं.

“गेल्या साली मला माझं नाव पाहिजे होतं,” ती म्हणाली. “तुमचे पाय धरले होते मी, सगळ्या बंदरासमोर. तेव्हा एक शब्द बोलला असतात तर संपलं असतं. माझी आई वर्षभर स्वतःच्या पोरीचा फोन घेत नव्हती, साहेब. आता घेते. कारण आता तिला म्हाईत हाय.”

“काय माहीत आहे?”

“ते तुम्ही तिला विचारा. आता मला काय नको तुमच्याकडून. ज्याला पाहिजे तो येतोय.” आणि माझ्यामागच्या माणसाकडे बघून म्हणाली, “काका, पुढं या. किती प्रती?”

  

६

मंगळवारी ठिपका अलिबागसमोर होता. तळबंदरला जायचं तर खांदेरीवरून बोटीने उत्तरेला वळायला हवं होतं. ती दक्षिणेला वळली होती. बुधवारी ती नागावच्या किनाऱ्याला आली. चौल त्याच्या पुढे, हे सांगायला मला नकाशा लागत नव्हता.

त्या दोन दिवसांत मी घराबाहेर पडलो नाही. मागे नारळी-सुपारीची वाडी, मध्ये पाण्याचा पाट, पलीकडे केवड्याचं बन आणि मग समुद्र. लहानपणापासून त्या वाडीत मी दुपारी झोपत आलोय. आता तिकडची खिडकी लावून घेतली होती. निवेदिताने दोनदा विचारलं, काय झालंय. मी तिच्यावर ओरडलो.

गुरुवारी साडेअकरालाच मी लॅपटॉपसमोर बसलो. बाहेर ऑक्टोबरचं रणरणतं ऊन होतं. पान हलत नव्हतं. पावणेबाराला रोजनाम्यात ओळ पडली आणि मी जागा नकाशावर टाकली. ठिपका समुद्रात नव्हता. मी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला. आमचं कौलारू छप्पर दिसलं. ठिपका त्याच्यामागे तीस पावलांवर होता.

टुक टुक टुक. भिंतीपलीकडून, जमिनीतून, अगदी सावकाश. मग इंजिन बंद झालं.

निवेदिता मागच्या दाराने ओल्या हातांनी आत आली. “अहो, वाडीत चार माणसं येऊन बसलीत. नारळ उतरवायला तुम्ही बोलावलीत का? पाणी हवंय का विचारलं, तर बोलेनात.” तिने हात पदराला पुसले. “आणि इतकी कशी भिजलीत हो?”

मी तिला समोरच्या खोलीत बसवलं आणि कडी लावली. मग खिडकीची एक फळी उघडली. न उघडता राहायला हवं होतं, पण आपण जे नाही म्हणतोय ते खरंच नाही ना, हे बघायची माझी जन्माची सवय.

पाटाच्या काठावर चौघं पाठमोरी बसली होती. सदरे अंगाला चिकटलेले. त्यांच्याभोवतीची माती काळी झाली होती. सुपाऱ्या स्तब्ध होत्या, ऊन स्तब्ध होतं, आणि ती चार माणसं मात्र एकाच वेळी किंचित डावीकडे कलत होती, मग किंचित उजवीकडे, बोटीवर बसलेली माणसं लाटेबरोबर कलतात तशी. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एका माणसाची जागा सोडलेली होती. तिसऱ्याने हात पसरला आणि ती जागा तळव्याने पुसली. पाहुणा येणार म्हणून आपण बाकडं पुसतो, तितक्याच आपुलकीने. मग त्याने मान वळवायला सुरुवात केली.

मी फळी लावली. चेहरा मी बघितला नाही. देवाशपथ बघितला नाही.

७

मोटरसायकलवर बसून मी सरळ तळबंदर गाठलं. डोक्यात एकच होतं: त्यांची नोंद त्यांना परत द्यायची. २२१७ होता तसा लिहायचा, अलिबागला उतरवायचा, जगाला दाखवायचा. नोकरी जाईल, खटला होईल, होऊ दे.

सर्व्हरच्या खोलीत बसून मी नोंद टाकली. मशीनने उत्तर दिलं: ही नोंद आधीच आहे. मी शोधली. सापडली नाही. पुन्हा टाकली. आधीच आहे. अकरा वेळा केलं. 

बाहेर आलो तर जेट्टीवरच्या ऑफिसात तिघं बसली होती. बाळाजी, नीराबाई, आणि आपल्या जुन्या खुर्चीत नेत्रा. कुणी मला या म्हटलं नाही, पण चौथी खुर्ची रिकामी होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. सेटिंग, पुसलेली नोंद, चौकशीतलं खोटं, आणि नेत्राने पाय धरले तेव्हा मला बरं वाटलं होतं तेसुद्धा. “नेत्राने टोकन काढलं होतं,” मी म्हणालो. “चौघं माझ्यामुळे गेले. चला, मी पोलिसात येतो. आत्ता येतो.”

कुणाचा चेहरा हलला नाही. माझी वर्षभर जपलेली गोष्ट त्यांना काल-परवाच्या बाजारभावाइतकी माहीत होती.

“आमाला ठाव हाय,” नीराबाई म्हणाल्या. “तो सांगून गेला.”

“कोण?”

त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही. इथल्या बायका घेत नाहीत.

“पोलिसात जाऊन काय व्हनार, रं?” त्या पुढे म्हणाल्या. साहेब म्हणणं त्यांनी सोडलं होतं. “चार-पाच वर्सं बसशील आन् भायेर येशील. त्यात मना काय? तिकडं त्यांना मानूस कमी परतंय. चौघांनी जालं ओढवत न्हाय.”

मी बाळाजींकडे बघितलं. बाळाजी खाडीकडे बघत होते. बाहेर जेट्टीच्या रस्त्यावर पंधरा-वीस माणसं जाळी पसरून शिवत बसली होती. मी येताना नव्हती. एकानेही मान वर केली नाही.

“आणि मी नाही आलो तर?”

“तुला कोन पकडतंय?” नीराबाई म्हणाल्या. “जा की घरी. ते बसलेत तितंच. त्यांना घाई न्हाय. तुजी बायकू चांगली हाय, पानी विचारलंन त्यांना. ती काय तुज्यासारकी न्हाय. रोज विचारील.”

रोज विचारील. मी खुर्चीवर बसलो.  निवेदिता समोरच्या खोलीत कडी लावून बसली होती, आणि तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं तिला कधी जमलं नाही.

नेत्राने माझ्यापुढे फुलस्केप कागद ठेवले आणि पेन दिलं. “सगळं लिवा. पयल्यापासून. आणि खाली सही.” तिला तिचं नाव मिळायला हवं, ते मलाही पटलं. मी दुपारभर लिहितोय. ती एकेक पान उचलून वाचते. एकदाच तिने मला थांबवलं. मी ‘पहाटे’ लिहिलं होतं, तिने त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “चार पन्नास. मी घड्याळ बघून लिवलं होतं.” मी म्हटलं, राहू दे, सगळ्यांना कळतंय. तिने पान परत माझ्यापुढे सरकवलं. मी समासात लिहिलं: चार वाजून पन्नास मिनिटं. तेव्हा तिचे डोळे भरले, आणि तिने ते पुसले नाहीत. तिच्यासमोर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी मान खाली घातली.

चिखलात बसलेल्या बोटी आता एकेक करून उचलल्या जातायत. भरती आलीय. जेट्टीच्या टोकाला, जिथे कुणाची बोट बांधलेली नव्हती, तिथे दोर ताणल्याचा आवाज येतोय आणि मी तिकडे बघत नाही.

नीराबाई घरी जाऊन आल्या. त्यांनी कागद बाजूला सारून माझ्यापुढे ताट ठेवलं. तांदळाची गरम भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, कांदा. मी शाकाहारी आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि नेत्रा हळूच म्हणाली, “नाय म्हणू नका. नवा खलाशी पयल्या दिशी तांडेलाच्या घरचं जेवून बोटीवर चढतो. आमच्यात तसंच हाय.”

मी जेवलो. कालवण झणझणीत होतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत जेवलो.

नीराबाई समोर बसून बघत होत्या. वर्षभरात त्यांनी कुणाला असं समोर बसवून वाढलं नसावं. ताटातली भाकरी संपत आली तशा त्या पुढे वाकल्या आणि अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, “अजून एक वाढू? लांब जायाचं हाय.”